प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू आणि प्लाझ्मिड

प्रश्न : प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू एवढ्या झपाट्याने कसे वाढतात? त्यात प्लाझ्मिडचा वाटा किती?
– एक वाचक, रामटेक (जि. नागपूर)

उत्तर : जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची जी लहान, बहुधा वर्तुळाकार आणि स्वतःची प्रत स्वतंत्रपणे काढणारी कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. प्रतिजैविक निकामी करणारी जनुके अनेकदा या कडीवर असतात, आणि दोन जिवाणू एकमेकांना जोडले गेले की एकातील प्लाझ्मिडची प्रत दुसऱ्यात उतरते. या क्रियेला संयुग्मन म्हणतात. त्यामुळे औषधरोध केवळ पुढच्या पिढीकडे न जाता शेजारच्या, प्रसंगी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही जातो, आणि एकाच कडीवर अनेक जनुके असल्यास एकाच वेळी अनेक औषधे निष्प्रभ ठरतात.

‘एनडीएम-१’ हे याचे ठळक उदाहरण होय. गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेल्या कार्बापेनेम गटातील औषधांचे विघटन करणाऱ्या या विकराचे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर असते; मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्बापेनेमरोधी २४ जिवाणूंपैकी २२ जिवाणूंत ते आढळले.

प्रतिजैविक घेतल्याने प्लाझ्मिड निर्माण होत नाही. मात्र औषधाने साधे जिवाणू मरतात आणि प्लाझ्मिडधारकांना मोकळे रान मिळते. म्हणूनच विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दी-पडशावर प्रतिजैविके घेणे, किंवा घरात उरलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना वापरणे, कटाक्षाने टाळले पाहिजे.