आवाज येतो, चित्र नाही : पडदा 'मेला' म्हणण्यापूर्वी

टी.व्ही. सुरू केला, आवाज येतो, रिमोटने चॅनेलही बदलते, पण पडद्यावर मात्र काळोख. ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. दुरुस्तीवाला येतो, वरवर पाहतो आणि सांगून मोकळा होतो, "पॅनेल गेलं, आता नवाच घ्या." ग्राहक बिचारा दहा-पंधरा हजारांची तजवीज करायला लागतो. वास्तविक अशा तक्रारींत पुष्कळ वेळा पॅनेल शाबूत असते. गेलेली असते ती त्याच्या मागची दिव्यांची पट्टी, आणि मध्यम आकाराच्या टी.व्ही.ला तिचा पूर्ण संच काही शे रुपयांत मिळतो.

टी.व्ही. घरात असावा की नसावा, हा या पानाचा विषय नाही. दुकानातला कॅमेऱ्याचा पडदा, हिशेबाच्या संगणकाचा पडदा, मुलांच्या शिकवणीचा पडदा, हे सारे एकाच जातीचे आहेत. ते दुरुस्त करणे हे एक हुनर आहे आणि आपल्या तरुणांना ते गावात बसून रोजी देऊ शकते. मी स्वतः कापडाचा व्यापारी, इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार नव्हे. तरी या विषयावर लिहायला बसलो, त्याला कारण घडले.

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या तोंडावर आमच्या घरचा ३२ इंची टी.व्ही. असाच काळा पडला. ज्याला दाखवला त्याने पॅनेल गेल्याचे सांगितले आणि जुना टी.व्ही. पाचशे रुपयांत ठेवून घेण्याची तयारी दाखवली. मी देऊनही टाकणार होतो. इतक्यात नात्यातला एक तरुण घरी आला. आखातात सात-आठ वर्षे दुरुस्तीचे काम करून तो मालवणला परतला होता. त्याने खोलीतला दिवा मालवला, मोबाइलची बॅटरी पडद्याला तिरकी लावली आणि म्हणाला, "चाचा, इथं बघा." मी वाकून पाहिले. काळ्या पडद्याच्या आत बातम्या देणारा माणूस अंधुक हलताना दिसत होता. पडदा जिवंत होता, फक्त त्याच्यामागे उजेड नव्हता. दुसऱ्या दिवशी साडेनऊशे रुपयांत काम झाले. तो टी.व्ही. आजही चालू आहे.

पुढे मी त्या मुलाच्या शेजारी बसून चार-पाच टी.व्ही. उघडलेले पाहिले, प्रश्न विचारले, टिपणे केली. त्यातले जे कारागीर बंधूंच्या उपयोगाचे, ते येथे देत आहे.

पडदा म्हणजे कापड, उजेड मागून

आम्ही कापडवाले थान घेताना ते दारातल्या उजेडासमोर धरतो. मागून प्रकाश आला की वीण, गाठ, विरळ जागा सारे दिसते. काळोखात तेच कापड नुसते काळे. आजच्या बहुतेक चपट्या टी.व्ही.चे तंतोतंत असेच आहे. पुढचे काचेचे पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही. ते कुठे उजेड जाऊ द्यायचा आणि कुठे अडवायचा एवढेच ठरवते. उजेड येतो तो मागच्या पत्र्यावर बसवलेल्या एल.ई.डी. दिव्यांच्या पट्ट्यांतून. त्यालाच बॅकलाइट म्हणतात. पूर्वीच्या एल.सी.डी. टी.व्ही.त यासाठी बारीक ट्यूबलाइट असत. २००९ नंतर एल.ई.डी. पट्ट्यांचे टी.व्ही. बाजारात झपाट्याने वाढले आणि ट्यूब मागे पडल्या.

हा पांढरा दिवा मुळात निळा असतो. निळ्या दिव्यावर पिवळ्या रसायनाचा लेप असतो आणि दोन्ही मिळून पांढरा उजेड दिसतो. निळा एल.ई.डी. शोधून काढल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या कामापुरता यातला धडा असा, की पट्टी जुनी होऊन लेप करपला की चित्रावर निळसर झाक येते. ग्राहक 'रंग बिघडले' म्हणून आला तर आधी पट्टीवर संशय घ्यावा.

एक दिवा जातो, सगळे विझतात

हे असे का होते, ते लग्नमंडपातल्या जुन्या माळेवरून समजेल. त्या माळेतला एक दिवा गेला की सारी माळ विझत असे. टी.व्ही.तले दिवेही एकामागून एक जोडलेले असतात. समजा तीन पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीवर सात दिवे आहेत. साध्या प्रकारच्या दिव्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात. म्हणजे २१ दिव्यांना सुमारे ६३ व्होल्ट. काही पट्ट्यांवरचे दिवे ६ व्होल्टचे असतात, तेथे हिशेब दुप्पट. हा दाब पुरवणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. माळेतला एक दिवा तुटला की वाट बंद होते, आणि पुढे धोका नको म्हणून ड्रायव्हर स्वतःच वीज तोडतो. म्हणून पुष्कळदा टी.व्ही. सुरू करताच पडदा क्षणभर उजळतो आणि लगेच काळा पडतो.

दिवे जाण्याचे मोठे कारण उष्णता. कारखान्यातून येताना बॅकलाइट बहुधा पूर्ण जोरावर ठेवलेला असतो, कारण शोरूममध्ये झगझगीत चित्र विकले जाते. दिव्यातून जास्त वीज गेली की तो जास्त तापतो आणि लवकर मरतो. आपल्या किनाऱ्यावर खाऱ्या, दमट हवेची भर पडते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे दाराची कडी जशी गंजते, तशा आतल्या जोडपिनाही हिरव्या पडतात. म्हणून पट्टीला दोष देण्याआधी जोडणी साफ करून पाहावी.

उघडण्याआधी निदान

पहिली गोष्ट, लक्षणे वेगळी करावीत. आवाज आहे, चित्र नाही, आणि बॅटरीच्या तिरक्या उजेडात अंधुक चित्र दिसते, तर दोष उजेडाचा. पडद्यावर रंगीत उभ्या रेघा, फुटल्याची खूण किंवा शाईसारखा डाग असेल, तर दोष पॅनेलचा. आवाजही नाही आणि पुढचा बारीक दिवाही नाही, तर आधी वीजपुरवठ्याचा भाग पाहावा. चित्र आहे पण मध्येच गोल पांढरे ठिपके, तर दिव्यावरचे प्लास्टिकचे भिंग गळून पडलेले असते.

दुसरी गोष्ट, पट्टी गेली की ड्रायव्हर, हे पॅनेलला हात लावण्याआधी कळू शकते. मागचे झाकण काढून पट्ट्यांकडे जाणारी वायर बोर्डापासून सोडवावी आणि एल.ई.डी. टेस्टर तिला लावावा. दिवे उजळले तर पट्टी ठीक, दोष बोर्डात. उजळले नाहीत तर पट्टी किंवा तिची जोडणी तुटलेली. या एका तपासणीने निम्मे टी.व्ही. विनाकारण उघडण्याचे वाचतात, असे तो तरुण सांगतो.

येथे सावधगिरीचा इशारा द्यायलाच हवा. घरातली २३० व्होल्टची वीज आत सरळ होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहते. प्लग काढावा, थांबावे, योग्य रेझिस्टरमधून ती उतरवावी आणि मल्टिमीटरने खात्री करून मगच हात घालावा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची हौस नको. टेस्टरच्या टोकांशीही उघड्या हाताने खेळू नये, त्यातही मोठा दाब असतो. नवशिक्याने हे काम उस्तादाशेजारी बसल्याशिवाय करूच नये.

पट्टी बदलण्याची रीत

जमिनीवर जाड, स्वच्छ सुती गोधडी अंथरावी. तिच्यात बटण, चेन, वाळूचा कण काही नसावे. पंखा बंद करावा. बोर्ड व वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पॅनेल उचलायला दोन माणसे हवीत. एका कडेला कागदासारख्या पातळ पट्ट्या चिकटलेल्या असतात. त्यांपैकी एक जरी मुडपली तरी पडद्यावर कायमची रेघ येते, आणि तेव्हा मात्र पॅनेल खरोखरच जाते.

पॅनेलखाली पांढऱ्या पारदर्शक चादरी असतात. त्या ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघाल्या, तशाच परत गेल्या पाहिजेत. कोपऱ्याला पेन्सिलची बारीक खूण करावी. बोटाचा ठसा किंवा धुळीचा कण राहिला तर तो पुढे पडद्यावर डाग होऊन दिसतो.

आता पट्ट्या समोर येतात. टेस्टरने एकेक दिवा तपासावा. मेलेला बहुधा काळ्या ठिपक्याने ओळखू येतो. येथे मोह होतो, की तेवढा एकच दिवा बदलावा किंवा त्याच्या दोन टोकांना तार जोडून काम भागवावे. तार जोडली की बाकीचे दिवे लागतात खरे, पण त्या जागी सावली राहते. शिवाय बाकीचे दिवेही तितकेच वापरलेले असतात. आज एक गेला, महिन्याने दुसरा जाईल. म्हणून पूर्ण संच बदलावा.

नवा संच घेताना पट्टीवरचा क्रमांक, दिव्यांची संख्या, लांबी, ३ की ६ व्होल्ट, भिंगाचा आकार आणि वायरीची दिशा एवढे सारे जुळले पाहिजे. पट्टी पत्र्याला पूर्ण टेकून, उष्णता वाहून नेणाऱ्या चिकटपट्टीने आणि मूळ स्क्रूंनी बसवावी. अधांतरी पट्टीची उष्णता पत्र्यात उतरत नाही आणि ती लवकर जळते. चादरी घालण्याआधी पंधरा-वीस मिनिटे दिवे पेटते ठेवून पाहावेत. सगळे बंद केल्यावर पांढरा पडदा आणून सावली आहे का ते पाहावे.

शेवटी ग्राहकाच्या देखत सेटिंगमध्ये जाऊन 'बॅकलाइट' निम्म्याच्या आसपास आणावा. 'ब्राइटनेस' वेगळा, तो पुष्कळ टी.व्ही.त चित्राचा असतो, दिव्याचा नव्हे. घरात बसून पाहायला एवढा उजेड पुरतो आणि दिव्यांचे आयुष्य वाढते. ही गोष्ट ज्यांचा टी.व्ही. अजून ठीक आहे त्यांनीही आजच करावी. तिला एक पैसाही पडत नाही.

ऐब दाखवून धंदा

आता मुख्य मुद्दा. ग्राहकाला यातले काहीच दिसत नाही. पॅनेल गेले म्हटले की तो मान हलवतो. जुना संच घातला तरी त्याला कळत नाही. तार जोडून दिली तरी तो दुवा देत जातो. ज्या धंद्यात ग्राहक आंधळा असतो, तेथे कारागिराची दयानतदारी हीच त्याची खरी पुंजी.

आम्ही कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. पण कापडाच्या धंद्यात मला नेहमी इमाम अबू हनीफा आठवतात, कारण तेही कूफ्यात कापडाचेच व्यापारी होते. त्यांच्याबद्दलची प्रसिद्ध हकीकत अशी, की एका थानात ऐब होता. तो ग्राहकाला दाखवूनच माल विकायचा, असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला आणि माल ऐब न सांगता विकला गेला. ग्राहक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी ती सारी रक्कम सदका करून टाकली. नफा नव्हे, सारी रक्कम. आज टी.व्ही.ची पट्टी ही आपल्या कारागिराचे ते थान आहे.

म्हणून माझी तरुणांना विनंती आहे. उघडण्याआधी अंदाजी खर्च आणि पॅनेलला असलेला धोका दोन्ही सांगावेत, आणि कागदावर लिहून द्यावेत. जुन्या पट्ट्या ग्राहकाच्या हातात द्याव्यात. तात्पुरते काम केले असेल तर 'तात्पुरते' असेच लिहावे. जितक्या महिन्यांची हमी पाळता येईल तितकीच द्यावी. आणि पॅनेल खरेच गेले असेल तर तेही स्पष्ट सांगून परत पाठवावे. त्या दिवशी कमाई होणार नाही, पण तोच ग्राहक आणखी चार घरे घेऊन येईल.

शिकायचे कुठे, असे विचाराल तर दहावीनंतर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतला 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चांगला पाया देतो. त्याला एखाद्या प्रामाणिक उस्तादाकडची सहा महिन्यांची शागिर्दी जोडावी. हत्यारांत मल्टिमीटर, एल.ई.डी. टेस्टर, सोल्डर, पॅनेल उचलायचे रबरी पेले आणि एक स्वच्छ खोली एवढ्यावर सुरुवात होते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले, तेव्हा गावात हाताशी असलेल्या कारागिराची किंमत आपल्याला कळली. तो कारागीर आपला मुलगा का असू नये?

आमच्यातली मुले आखातात जातात, कमावतात, आणि एक दिवस रिकाम्या हातांनी नाही तरी रिकाम्या वेळेनिशी परततात. त्यांनी सोबत आणलेले हुनर गावात लावले तर घरही चालेल आणि कुणाचा जिवंत पडदा पाचशे रुपयांत भंगारात जाणार नाही. अल्लाह आपल्या हातांच्या कमाईत बरकत देवो. आमीन.