कर्माची पाच कारणे आणि कारभारी

गीतेच्या अठराव्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात भगवंतांनी कर्मसिद्धीची पाच कारणे गणिली आहेत : अधिष्ठान म्हणजे आश्रय, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. (‘चेष्टा’ म्हणजे येथे थट्टा नव्हे, व्यापार, हालचाल.) कारखान्याचा अथवा कचेरीचा कारभार ज्यांच्याकडे आहे, अशा गृहस्थांनी ही गणती नीट पाहावी.

कोकण रेल्वेचे उदाहरण घेऊ. १९९० साली तिच्यासाठी महामंडळ स्थापन झाले; ई. श्रीधरन् त्याचे प्रमुख होते. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुनःपुन्हा ढासळू लागली. माती आणि कोकणचा पाऊस कोणाही अधिकाऱ्याच्या आज्ञेत नसतात. परंतु खोदाईची पद्धत, आधाराची बांधणी, यंत्रे, मजुरांची सुरक्षितता ही करण व चेष्टा या सदरांत मोडतात. शक्ती वेचावयाची ती तेथेच. योजलेली मुदत टळली हे खरे. तथापि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

दैव पाचवे आहे, पहिले नव्हे. आधीची चार न तपासता त्याच्याकडे बोट दाखविणे हा आळस होय. उलट, फळ हुकताच हाताखालच्या माणसाला दोषी ठरविणारा अधिकारी पाचवे कारणच नाकारतो. हा अन्याय मला त्या आळसाहून मोठा वाटतो, कारण त्यात दुसऱ्याची भाकर जाते. स्वतःलाच एकटा कर्ता मानणाऱ्याविषयी भगवान् सोळाव्या श्लोकात काय सांगतात, ते पुढील पाठात पाहू.