रजिस्टरमधले चौदा तास

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमची अभ्यासिका होती. महिना नऊशे रुपये, ठरलेली खुर्ची, फुकट वायफाय आणि दाराशी एक लांबट रजिस्टर. नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी या रजिस्टरच्या प्रेमात पडले होते. सकाळी साडेआठला आत, रात्री साडेदहाला बाहेर. चौदा तास. कॉलेजला जायचे ते प्रॅक्टिकलपुरती, कारण लेक्चरला जाण्यायेण्यात 'वेळ जातो' असं मी ठरवून टाकलं होतं. अभ्यासिकेचे काका नव्या पोरांना माझं पान उघडून दाखवायचे, "ही वणीची मुलगी बघा, काय बसते!"

बसते, हे खरंच होतं.

घर वणीला, सप्तशृंगीच्या पायथ्याशी. आई पहाटे उठून डबा करायची आणि नाना तो पहिल्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायचे. मी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर डबा घ्यायचे आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा त्याच गाडीने परत पाठवायचे. नाशिकला खोली करून राहणाऱ्या तालुक्यांतल्या कितीतरी पोरापोरींचं जेवण असं एसटीनेच येतं. अभ्यासिकेत जागेवर खायला बंदी होती. खाली जिन्यात बसून जेवायचं म्हणजे अर्धा तास गेला. मग 'हा टॉपिक झाला की' म्हणत एक वाजायचा, तीन वाजायचे. मधे टपरीवर चहा-खारी व्हायची आणि भूक मरायची. दिवसाला सहा-सात चहा सहज. रात्री डबा उघडावा तर भाजी आंबलेली. ती गल्लीतल्या कुत्र्यापुढे टाकायची, डबा राखेने घासल्यासारखा लख्ख करायचा आणि सकाळी गाडीत ठेवायचा.

"खाल्ला का गं सगळा?" आईचा फोन.

"हो गं, चाटूनपुसून."

संध्याकाळची मेस लावली होती, तीही पाऊण तास वाचावा म्हणून बंद केली. झोप साडेचार-पाच तास. रात्री नऊचा चहा पिऊन मी स्वतःला मोठी जिद्दी समजत होते.

सेमिस्टरच्या परीक्षेत ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर होता. दुसराच प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला. पुस्तकातलं ते पान डोळ्यांसमोर उभं राहिलं. उजवीकडे वर आकृती, खाली तीन ओळींवर पिवळा हायलायटर, कोपऱ्यात चहाचा डाग. डागाचा आकारसुद्धा आठवत होता. आकृतीत काय होतं, ते मात्र काही केल्या आठवेना. ते पान मी दहा-अकरा वेळा तरी वाचलं असेल. कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, उत्तरपत्रिकेच्या रेघा एकमेकींत मिसळल्या आणि पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. सुपरवायझर मॅडमनी बाकावर आडवं केलं, मावशींनी साखर-पाणी पाजलं. उठून बसले तेव्हा पाऊण तास गेला होता.

दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८ निघालं. बाईचं बाराच्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुपारी काय जेवतेस?" मी सांगितलं, बाजरीची भाकरी, मटकी, मेथी, ठेचा. त्या म्हणाल्या, "ते तुझी आई करते. तू काय खातेस?"

मला बोलता आलं नाही.

निकालात दोन विषय राहिले. निकाल हातात घेऊन मी अभ्यासिकेत गेले आणि काकांकडून रजिस्टर मागून घेतलं. परीक्षेआधीच्या एका महिन्याची बेरीज केली. सव्वीस दिवस, साडेतीनशे तासांच्या वर. सगळ्या सह्या माझ्याच, सगळ्या वेळा खऱ्या. तेव्हा लक्षात आलं की आईकडे जाणारा लख्ख डबा आणि हे रजिस्टर ही एकाच जातीची कागदपत्रं आहेत. डबा रिकामा झाला एवढंच डब्यावरून कळतं, कुणाच्या पोटात गेला ते कळत नाही. रजिस्टरचंही तेच.

यातून मी बाहेर आले ती आमच्या खोलीतल्या ताईमुळे. ती सातपूरच्या कंपनीत कामाला होती आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करत होती. हे विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकलाच सुरू झालं, ते नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या अशाच लोकांसाठी. ताई पहाटे दीड तास अभ्यास करायची आणि रात्री दहाला दिवा बंद. मी तिला मनातल्या मनात 'हौशी' म्हणायचे. तिचे सगळे विषय सुटले. कसं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "अगं, माझ्याकडे दीडच तास. पुस्तक मिटून लिहून बघते, येतंय का. आलं तर पुढे, नाही तर परत तेच."

पुढे मी याविषयी वाचलं तेव्हा कळलं की ताईची रीत शास्त्रशुद्ध होती. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानंतर घेतली तर लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होतं आणि वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे पुन्हापुन्हा वाचून पान ओळखीचं होतं, आणि ओळख म्हणजे आपल्याला 'येतं' असं वाटत राहतं. परीक्षेत पान दिसत नाही, कोरा कागद दिसतो. मग चहाचा डाग आठवतो.

आता मागून येणाऱ्या तुम्हा सगळ्यांना, विशेषतः पहिल्यांदा घर सोडून नाशिकला राहायला आलेल्यांना, माझे चार शब्द.

तास मोजायचेच असतील तर मोजा, पण शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. पुस्तक बंद, मोबाइल बॅगेत, समोर कोरा कागद. आज काय शिकलो ते आठवेल तसं लिहा. पहिले पंधरा दिवस अपमान वाटेल इतकं कमी येईल. माझं पहिल्या दिवशी अर्धं पानही भरलं नव्हतं. तो कागद तारीख घालून ठेवा आणि तीन-चार दिवसांनी तोच विषय पुन्हा लिहून बघा. माझ्या लेखी आता तेच खरं हजेरीपत्रक आहे.

लेक्चर बुडवून अभ्यासिकेत बसू नका. सरांनी पन्नास मिनिटांत उलगडून दाखवलेली गोष्ट एकटीने फोडायला मला दोन दिवस लागत होते, आणि त्या दोन दिवसांचा मला अभिमान होता.

झोपेतून अभ्यासाला वेळ काढू नका. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेतच. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. चहा-कॉफीतल्या कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास जातात, म्हणजे नऊच्या चहाचा अर्धा हिस्सा रात्री दोनलाही जागाच. मी शेवटचा चहा दुपारी चारला आणला. पहिला आठवडा डोकं दुखलं, मग उतरलं.

जेवणाची वेळ टाइमटेबलात लिहा, प्रॅक्टिकलसारखी. आणि जेवणाला चिकटून चहा घेऊ नका, मधे तासभर जाऊ द्या. चहातल्या घटकांमुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, हे मला डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा माझे सहा-सात चहा डोळ्यांसमोर आले. मेथी, मटकीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त लागतं. मुलींनो, थकवा आला तर 'अभ्यासाने' म्हणून सोडून देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. तपासणी साधी आहे. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्या तरच आणि तेवढ्याच घ्या.

संध्याकाळी पायांना काम द्या. मी गोदावरीच्या काठाने चालायला लागले. दिवसभर न सुटलेली एखादी रिअॅक्शन चालताना आपोआप सुटते, असं बऱ्याचदा झालं. नाही सुटली तरी रात्री झोप चांगली लागते.

आणि सगळ्यात अवघड ते शेवटी. घरी खरं सांगा. निकालानंतर मी आठ दिवस फोनवर 'निकाल लागायचाय' म्हणत होते. त्या आठ दिवसांत डोक्यात जे विचार आले, ते इथे लिहवत नाहीत. घरी बोलण्याचा धीर होत नसेल तर मैत्रिणीला सांगा, शिक्षकांना सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा आहे, १४४१६ वर चोवीस तास फोन लागतो, मराठीतही बोलता येतं. माझ्या वेळी मला हा नंबर माहीत नव्हता.

नाना निकाल ऐकून एवढंच म्हणाले, "परत दे." डब्याचं खरं सांगायला मात्र मला आणखी महिना लागला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कुत्र्याने तरी खाल्लं ना?"

पुढच्या सेमिस्टरला दोन्ही विषय सुटले. आता रजिस्टरवर माझे जेमतेम पाच तास लागतात आणि काका नव्या पोरांना माझं पान दाखवत नाहीत. परवा एक वाजता मी बॅग उचलली तर म्हणाले, "काय गं, अभ्यास सोडला का?"

"नाही काका, जेवायला चाललेय."

जिन्यात बसून जेवते, डबा घाईत विसळते आणि लेक्चरला पळते. आईची हल्ली एकच तक्रार असते, "डबा नीट घासत जा गं, कडेला तेल तसंच असतं. पूर्वी कसा लख्ख यायचा!"