हाताला कसब, वहीला हिशेब
(पेणच्या मूर्तिकारांच्या अर्थव्यवहाराचा एक अभ्यास)

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर 'उत्पादन खर्च' हा शब्द लिहिला आणि ज्यांच्या घरी काही धंदा आहे त्यांनी घरच्या एखाद्या वस्तूचा उत्पादन खर्च काढून आणावा, असे सांगितले. कोणी पापडाचा काढला, कोणी दुधाचा. माझ्या घरी गणपतीचा कारखाना आहे. मी काकांना विचारले, "काका, आपली एक फुटी मूर्ती आपल्याला कितीला पडते?" काका मूर्तीची सोंड घासत होते. मान वर न करता म्हणाले, "कितीला पडते ते काय विचारतेस? कितीला जाते ते विचार."

या उत्तरात पेणच्या बहुतेक लहान कारखानदारांचे सारे अर्थशास्त्र आले आहे. वस्तू कितीला जाते हे त्याला ठाऊक असते, कितीला पडते हे ठाऊक नसते. हा फरक ज्याला कळत नाही तो कलावंत आयुष्यभर राबूनही कर्जात का राहतो, आणि सरकारचे लहानसे साहाय्य त्याच्या किती उपयोगी पडू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्यवसायाचे स्वरूप

रायगड जिल्ह्यातील पेण हे गाव गणेशमूर्तींसाठी महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध आहे. या व्यवसायाचा विषय निघाला की देवधर घराण्याचे नाव प्रथम निघते. पेण शहराबरोबरच तालुक्यातील हमरापूर, जोहे या खाडीपट्ट्याकडील गावांतही घरोघरी मूर्ती घडतात. शेतीची कामे आणि मूर्तींचे काम यांची सांगड घालून तेथील कुटुंबे वर्ष काढतात. गणपती गेले की थोडे दिवस विश्रांती आणि पुन्हा पुढच्या वर्षाचे काम सुरू, असा हा क्रम आहे. परदेशी जाणाऱ्या मूर्ती जहाजाने जातात, त्यामुळे त्या कित्येक महिने आधी तयार ठेवाव्या लागतात.

मूर्तीला माती लागते ती शाडूची. ती गुजरातेतून येते. साच्यात माती दाबणे, साचा उघडून सांधे बुजवणे, पाण्याचा हात फिरवून मूर्ती गुळगुळीत करणे, सुकवणे, घासणे, पांढरा हात देणे, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी, अशी कामाची वाटणी असते. आखणी हे सर्वांत नाजूक काम. आमच्याकडे ते काकू करतात. पुष्कळ कारखानदार मूर्ती न रंगवता कच्चीच विकतात. रंगकाम दुसऱ्या गावी होते आणि रंगाचा नफाही दुसऱ्या गावी राहतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. खर्च बारा महिने चालू असतो, उत्पन्न मात्र वर्षातून एकदाच, गणेशोत्सवाच्या सुमारास येते. मधले महिने कशावर काढावयाचे? या प्रश्नाचे पारंपरिक उत्तर म्हणजे बयाणा.

बयाण्याचे अर्थशास्त्र

व्यापारी दिवाळीनंतर येतो, मूर्तींची संख्या ठरवतो आणि हातावर आगाऊ रक्कम ठेवतो. त्या रकमेतून माती येते, कामगारांचा पगार होतो, घरची चूलही पेटते. व्यापारी वाईट असतो असे नव्हे. अडीअडचणीला तोच धावून येतो. परंतु ज्याचा बयाणा घेतला त्यालाच माल द्यावयाचा आणि तो म्हणेल त्या भावाने द्यावयाचा, हा या व्यवहाराचा न लिहिलेला नियम आहे. बयाणा अपुरा पडला की खाजगी उसनवारी होते. तिचे व्याज वेगळे.

या संदर्भात बांगला देशाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९७६ साली चितगाव विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक महंमद युनूस यांना जवळच्या जोबरा गावात बांबूची स्टुले विणणारी एक बाई भेटली. बांबूसाठी ती व्यापाऱ्याकडून पैसे घेई आणि स्टूल त्यालाच, त्याच्याच भावाने विकी. गावात असे ४२ लोक निघाले. त्या सर्वांची गरज मिळून केवळ २७ डॉलरची होती. ती रक्कम युनूस यांनी स्वतःच्या खिशातून दिली. त्यातून पुढे १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली तिला व युनूस यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जोबऱ्याचा बांबू आणि पेणची माती यांत अंतर फार असले तरी दोन्हीकडची गाठ एकच आहे. ज्याच्या हातात भांडवल, त्याच्या हातात भाव.

आमच्या वहीतील एक पान

सरांच्या सांगण्यावरून मी एक फुटी १०० मूर्तींचा हिशेब मांडला. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत.

माती, रंग व इतर सामान १५,००० रुपये, कामगारांची मजुरी रोज ५०० प्रमाणे ४० दिवसांची २०,००० रुपये, शेडचे भाडे व वीज ५,००० रुपये, एकूण ४०,०००. म्हणजे एक मूर्ती ४०० ला पडली. व्यापारी ६०० देत होता. मूर्तीमागे २०० प्रमाणे काकांच्या मनातला नफा झाला २०,००० रुपये.

आता या हिशेबात जे धरलेले नव्हते ते धरू. १०० पैकी ६ मूर्ती सुकताना तडकल्या किंवा हाताळताना फुटल्या. विक्रीला उरल्या ९४, त्यांचे आले ५६,४०० रुपये. उसन्या ३०,००० रुपयांवर दरमहा शेकडा २ प्रमाणे ८ महिन्यांचे व्याज झाले ४,८०० रुपये. म्हणजे रोख खर्च ४४,८०० आणि हातात उरले ११,६०० रुपये. या मूर्तींसाठी काकांनी ४० दिवस आणि काकूंनी २० दिवस काम केले होते. ११,६०० रुपयांना ६० दिवसांनी भागले असता रोज पडतो १९३ रुपये.

कामगाराला रोज ५०० आणि मालकाला १९३! मी हे पान काकांना दाखवले. ते म्हणाले, "मालकाला कसली मजुरी? आणि तुझी काकू काय पगारावर आहे काय?" काकू आतून काही बोलल्या नाहीत. माझी वही मी मिटून ठेवली. परीक्षेत मात्र मला चांगले गुण मिळाले.

लहान साहाय्य कसे असते?

कारागिरांना साहाय्य देण्याच्या योजना आपल्याकडे नव्या नाहीत. ग्रामीण तरुणांना धंदेशिक्षण देणारी 'ट्रायसेम' योजना १९७९ साली निघाली होती. लहान धंद्यांना तारणाशिवाय कर्ज देणारी 'मुद्रा' योजना २०१५ सालची. यांपैकी काही योजनांत शिक्षण होते, काहींत पैसा होता. दोन्ही एकत्र बांधण्याचा प्रयत्न १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत दिसतो. तीत सुतार, लोहार, कुंभार अशा १८ व्यवसायांत मूर्तिकारांचाही समावेश आहे.

योजनेची रचना थोडक्यात अशी : नोंदणी होऊन ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून व पुढे जिल्हा पातळीवर पडताळणी होते. मग ५ ते ७ दिवसांचे, म्हणजे ४० तासांचे मूलभूत प्रशिक्षण मिळते. त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन असते. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य असते. त्यानंतर तारणाशिवाय १ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते, ते १८ महिन्यांत फेडावयाचे. ते नीट चालवले तर २ लाखांपर्यंतचे दुसरे कर्ज ३० महिन्यांसाठी. प्रशिक्षणात नव्या अवजारांबरोबर हिशेब, बँकेचा व्यवहार, मोबाईलवरून पैसे घेणे आणि माल विकणे यांचीही ओळख करून दिली जाते.

वरवर पाहता सर्वांत मोठा आकडा कर्जाचा आहे आणि सर्वांत लहान आकडा विद्यावेतनाचा. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा तो लहानच होय. काकांनी २०२४ साली नाव नोंदवले, तेव्हा "आठवडाभर शेड सोडून वर्गात कोण बसणार?" हाच त्यांचा पहिला प्रश्न होता. हातावर पोट असलेल्या माणसाला शिक्षण फुकट दिले तरी ते महाग पडते, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते. रोजचे ५०० रुपये मिळाले म्हणून काका गेले.

तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सर्वांना विचारले, "तुमची स्वतःची रोजची मजुरी किती धरता?" वर्गात कोणीच हात वर केला नाही. मग एकेकाने आपापल्या मूर्तीचा भाव सांगितला. एकाच मापाची मूर्ती एकजण ५५० ला देत होता, दुसरा ७०० ला. दोघे एकाच तालुक्यातले आणि वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखणारे. भावाची गोष्ट मात्र त्यांनी एकमेकांजवळ कधी काढली नव्हती. त्या संध्याकाळी काकांनी घरी येऊन माझी जुनी वही मागितली. पुतणीने सांगितले तेव्हा पटले नाही, ते दहा मूर्तिकारांच्या तोंडून पटले. मला याचे वाईट वाटले नाही.

पुढच्या हंगामात काय झाले?

कर्जाच्या पैशातून काकांनी माती आणि रंग रोखीने घेतले, त्यामुळे उसनवारी टळली. जुन्या व्यापाऱ्याला त्यांनी ६८० रुपये भाव सांगितला. घासाघीस होऊन ६५० ठरले. नाते तुटले नाही. १०० पैकी ६० मूर्ती त्याला दिल्या. उरलेल्या रंगवून आम्ही स्वतः विकल्या. रंगवलेल्या मूर्तीला भाव चांगला मिळाला. परंतु येथे नवा धडाही मिळाला. नोंदवलेल्या दोन मूर्ती कोणी नेल्याच नाहीत, आणखी तीन शिल्लक राहिल्या. चतुर्थीनंतर गणपतीला गिऱ्हाईक नसते. त्या मूर्ती वर्षभर जपावयाच्या, म्हणजे जागा अडली आणि पैसाही अडला. व्यापारी जो नफा घेतो त्यात ही जोखीमही असते, हे आम्हांला तेव्हा समजले. काकांनी वहीत 'शिल्लक' असा नवा रकाना आखला.

हिशेबाची ही सवय केवळ नफ्यासाठी नाही. २०२० साली महासाथीमुळे शासनाने सार्वजनिक मूर्तींना ४ फूट आणि घरगुती मूर्तींना २ फूट उंचीची मर्यादा घातली, तेव्हा मोठ्या मूर्ती घडवून बसलेल्यांचा पैसा अडकला. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, मग ती लांबणीवर पडली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी काटेकोरपणे पाळण्यास सांगितले आणि जूनमध्ये मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली, मात्र नैसर्गिक पाण्यातील विसर्जनावर बंधन राहिले. पर्यावरणाची काळजी रास्तच आहे. पण अशा बदलांत टिकण्यासाठी शाडूची मूर्ती कितीला पडते आणि प्लास्टरची कितीला, हे ज्याला सांगता येते तोच वेळेवर निर्णय घेऊ शकतो.

काही उणिवा

योजनेचे गुण सांगितले, आता उणिवा सांगणेही प्रामाणिकपणाचे होईल.

पहिली उणीव हप्त्याची. १ लाख रुपये ५ टक्क्यांनी १८ महिन्यांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे ५,७७८ रुपये येतो. एकूण व्याज जेमतेम ४,००० रुपये, म्हणजे कर्ज स्वस्त आहे यात शंका नाही. परंतु मूर्तिकाराचे उत्पन्न महिन्याला येत नाही, भाद्रपदात येते. मार्च महिन्याचा हप्ता भरण्यासाठी काकांना एकदा उसने घ्यावे लागले. शेतकऱ्याच्या पीककर्जाची फेड सुगीनंतर असते. मूर्तिकाराची सुगी गणपतीत असते, त्याचा हप्ताही तसाच बांधला पाहिजे.

दुसरी उणीव नावाची. पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब, आणि एका कुटुंबात लाभ एकालाच. आमच्या घरी कार्ड काकांच्या नावाचे आहे. पण ज्या डोळ्यांकडे पाहून गिऱ्हाईक मूर्ती पसंत करते ते डोळे काकू आखतात. प्रशिक्षणाचा वर्ग तरी दोघांना खुला असावा, असे मला वाटते. कर्ज एक असेल, कसबे दोन आहेत.

तिसरी उणीव सात दिवसांची. हिशेब ही सवय आहे, ती सात दिवसांत लागत नाही. पहिल्या हंगामात कोणीतरी दर महिन्याला येऊन वही पाहिली पाहिजे. येथे आपल्या महाविद्यालयाला काम आहे. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका कारखान्याची वही वर्षभर लिहिण्यास मदत केली, तर त्याचा प्रकल्प होईल आणि कारखानदाराचा संसार सावरेल. याला अनुदान लागत नाही, पायपीट लागते.

समारोप

कलावंताने पैशाचा विचार केला की कला बाटते, असा एक समज आपल्याकडे आहे. तो बहुधा अशांचा असतो, ज्यांना महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार मिळतो. काका आजही सोंड घासताना देहभान विसरतात. हिशेबाने त्यांच्या हाताला काही बाधा आलेली नाही. लहान अनुदानाचे काम कलावंताला श्रीमंत करणे हे नव्हे. त्याला चार दिवस उसंत देणे, आपल्या श्रमाची किंमत मोजण्यास शिकवणे आणि ती किंमत सांगताना मान ताठ राहील एवढे भांडवल हाती देणे, एवढेच ते काम आहे.

या वर्षीच्या वहीच्या पहिल्या पानावर काकांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या आहेत. 'मालकाची मजुरी : रोज ५०० रुपये.' आणि तिच्याखाली, थोड्या बारीक अक्षरात, 'आखणीची मजुरी : रोज ५०० रुपये.' दुसरी ओळ वाचून काकू काही बोलल्या नाहीत. फक्त ते पान त्यांनी पुन्हा एकदा उघडून पाहिले.