गडीचे झाड

मुलांनो, तुम्ही पाम्प्लेमूसची बाग पाहिली असेल. तिथल्या तळ्यात परातीसारखी मोठी, काठ वळलेली पाने तरंगतात. ती कमळे मूळची दक्षिण अमेरिकेतली. जायफळाची झाडेही दुरून आणलेली. आज आपण एका वेगळ्या बागेत जाऊ. तिच्या एका कोपऱ्यात त्याच जागेची जुनी झाडे पुन्हा लावली आहेत.

ही बाग ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात, समुद्राच्या काठी आहे. ती १८१६ साली सुरू झाली. पण त्याआधी हजारो वर्षे तिथे गडिगल लोक राहत होते. 'गल' म्हणजे लोक आणि 'गडी' हे एका झाडाचे नाव. खेळातल्या सोबत्याला आपण गडी म्हणतो. हा गडी वेगळा बरे का!

गडीचे खोड काळे असते. वर गवताच्या पेंढीसारखी लांब, बारीक पाने असतात. मधून एक उंच, सरळ दांडा निघतो आणि त्यावर पांढरी फुले येतात. गडिगल लोक ही फुले पाण्यात भिजवून गोड पेय करीत. वाळलेल्या दांड्याचा भाला होई. झाडाचा डिंक विस्तवावर मऊ करून त्याने भाल्याचे टोक चिकटवीत. मग भाला घेऊन मासे मारायला जात. एका झाडाची किती कामे!

तिथे बुरावांग नावाचेही झाड आहे. त्याच्या बिया विषारी असतात. गडिगल लोक त्या फोडून पुष्कळ दिवस पाण्यात भिजवीत, मग कुटून त्यांची भाकरी भाजत. बाहेरून आलेल्या काही खलाशांनी अशाच बिया तशाच खाल्ल्या आणि ते आजारी पडले. आपणही मान्योक कच्चा खात नाही ना?

१७८८ साली इंग्रजांची जहाजे आली. त्यांनी याच किनाऱ्यावरची झाडे तोडून मका पेरला. जमीन हलकी होती, पीक चांगले आले नाही. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली. तिच्यात कितीतरी गडिगल माणसे मेली. जी वाचली, त्यांची शिकारीची आणि मासेमारीची जागाही हळूहळू गेली.

पण गडिगल संपले नाहीत. त्यांचे वंशज आजही आहेत. बागेतल्या त्या कोपऱ्याचे नाव त्यांच्याच भाषेतले आहे: 'गडी जाम ओरा', म्हणजे 'मी गडीच्या भूमीत आहे'. आदिवासी वाटाडे बागेत येणाऱ्यांना झाडे दाखवतात, पाने चुरगळून वास घ्यायला सांगतात, कोणते फळ खावे आणि कोणते खाऊ नये तेही सांगतात.

आणि हो, आपल्या पाम्प्लेमूसचे नावही एका फळझाडावरूनच पडले आहे. त्या फळाला मराठीत काय म्हणतात, ते आजीला विचारून या.