खड्ड्यानंतरची थरथर

शंका : गणपतीला गावी येताना वडखळच्या पुढे पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही आणि पुढचं डावं चाक धाडकन आपटलं. टायर फुटला नाही, म्हणून तसाच घरी आलो. तेव्हापासून ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. ९०-९५ ला सर्वांत जास्त, ६० ला काहीच नाही. दोनदा अलाइनमेंट करून घेतली, फरक नाही. आता मेकॅनिक म्हणतो, लोअर आर्म बदलू. बदलू का? (एक वाचक, चिपळूण)

समाधान : आज बदलू नका. आधी चाक तपासा.

दोनदा अलाइनमेंट करूनही फरक पडला नाही, कारण तिचा या तक्रारीशी थेट संबंध नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरपं धरावं लागतं, टायर एका कडेनं झिजतो. ठरावीक वेगाला सुरू होणारी थरथर मात्र फिरणाऱ्या वस्तूतून येते. ती वस्तू एक तर गोल राहिलेली नसते, नाहीतर तिचं वजन सगळीकडे सारखं नसतं.

६० ला काही नाही आणि ९० ला हात थरथरतात, असं का? १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर दोन मीटरला जरासा कमी असतो. ९० च्या वेगाला असं चाक सेकंदाला जवळजवळ तेरा फेरे घेतं. खड्ड्यात आपटून रिमच्या कडेवरचं ३० ग्रॅमचं वजन उडालं असेल, तर या वेगाला चाक दर फेऱ्याला साडेतीन किलोंहून जास्त जोरानं बाहेर ओढलं जातं. ४५ ला हाच जोर एक किलोच्याही आत असतो, कारण वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. शिवाय सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची हलण्याची स्वतःची एक लय असते. चाकाचा ठोका तिच्याशी जुळला की थरथर एकदम वाढते. म्हणून कित्येकांना ११० ला गाडी पुन्हा शांत झाल्यासारखी वाटते. दोष तिथंच असतो, फक्त लय चुकलेली असते. थरथर टाळायला वेग वाढवणारे चालक मी पाहिले आहेत. त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता तपासणी. सपाट जागी हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा आणि डावं चाक खोलून काढा. गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. चाक आतल्या बाजूनं पाहणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं तेच राहून जातं. बाहेरून रिम चकचकीत दिसते, पण खड्ड्याचा मार बहुधा आतल्या कडेला बसतो. तिथं तीन गोष्टी शोधा. पहिली म्हणजे चिखल. कोकणातला लाल चिखल रिमच्या आत एका बाजूला साचून वाळला, तरी एवढीच थरथर येते आणि पाण्याचा जोरदार फवारा मारला की जाते. दुसरी म्हणजे चिकटवलेलं वजन पडल्याची खूण. तिथं गोंदाची चौकोनी पट्टी राहिलेली दिसते. तिसरी म्हणजे रिमच्या कडेला पडलेला पोचा. डोळ्यांनी दिसला नाही, तरी कडेवरून बोट फिरवलं की लागतो.

मग टायर. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही भिंतींवरून तळहात फिरवा. कुठं टेंगूळ लागलं, तर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिमटून भिंतीतले धागे तुटलेले आहेत आणि हवा आता फक्त रबराच्या भरवशावर आहे. अशा टायरला पॅच नाही, ट्यूब टाकणं हा इलाज नाही, हवा कमी ठेवणं तर नाहीच. टायर बदलायचा. तोवर महामार्गावर जायचं नाही.

सगळं ठीक दिसलं, तर चाक पुन्हा चढवा. पुढचं चाक हातानं मोकळं फिरावं म्हणून गाडी आता न्यूट्रलमध्ये घ्या. हँडब्रेक आणि दगड तसेच राहू द्या. चाकाशेजारी विटांचा ढीग रचून त्यावर पेन्सिल आडवी ठेवा. तिचं टोक रिमच्या कडेपासून केसभर दूर राहू द्या आणि चाक सावकाश फिरवा. फट सारखीच राहिली, तर रिम गोल आहे. एका जागी फट बंद होऊन पेन्सिल ढकलली गेली आणि समोरच्या बाजूला फट रुंदावली, तर रिम 'आउट' आहे. एक मिलिमीटरहून जास्त फरक वाटला की तज्ज्ञाकडून मोजून घ्या. पेन्सिल टायरच्या माथ्याजवळ ठेवून हेच पुन्हा करा. आतली पट्टी सरकलेला टायर बाहेरून धडधाकट दिसतो, पण फिरवला की एका जागी उंचवटा वर येतो.

हे सगळं बॅलन्सिंगच्या आधी करायचं, याबद्दल माझा आग्रह आहे. वाकडी रिम किंवा धागे तुटलेला टायरही मशीनवर बॅलन्स होतो. ऑपरेटर वजनं लावतो, पडद्यावर दोन्हीकडे शून्य येतं, तुम्ही पैसे देऊन निघता. वजन सारखं झालं तरी चाक गोल झालेलं नसतं, त्यामुळे ते दर फेऱ्याला गाडीला वर-खाली ढकलतच राहतं. टायर खराब असेल तर याहून वाईट. थरथर थोडी कमी होते, तुम्ही निर्धास्त होता आणि तो टायर भर वेगात फुटतो. म्हणून वजनं लावायच्या आधी चाक मशीनवर नुसतं फिरवायला सांगा आणि शेजारी उभं राहून रिमची कड पाहा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

चाक निर्दोष निघालं आणि बॅलन्सिंगनंतरही थरथर राहिली, तर मग मेकॅनिकचं म्हणणं ऐका. त्याचा संशय निराधार नाही. झिजलेला बुश चाकाची बारीकशी थरथरही मोठी करून दाखवतो. पण त्याला आधी दाखवायला सांगा. चाक उचलून डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर टाय रॉड एंड पाहायचा. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ आला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. लोअर आर्मचा बुश फाटला असेल, तर पहारीनं हलका दाब दिल्यावर तो डोळ्यांना दिसतो. अलाइनमेंट सर्वांत शेवटी, दुरुस्ती पूर्ण झाल्यावर एकदाच.

शंका : समृद्धीवर १०० च्या पुढे सीट आणि पायाखालची पाटी थरथरते. स्टिअरिंग स्थिर आहे. मागच्याच आठवड्यात बॅलन्सिंग केलं आहे. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

समाधान : बॅलन्सिंग चारही चाकांचं केलं होतं का, की फक्त पुढच्या दोन चाकांचं? बऱ्याच दुकानांत न विचारता दोनच चाकं मशीनवर चढतात. स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढे असतो, सीट हलत असेल तर मागे. खात्री हवी असेल, तर एका बाजूची पुढची-मागची चाकं अदलाबदल करा. थरथर सीटवरून स्टिअरिंगमध्ये आली, तर दोषी चाक सापडलं. या परीक्षेसाठी स्टेपनी वापरू नका. बऱ्याच गाड्यांत ती वेगळ्या मापाची असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते.

समृद्धीचा रस्ता काँक्रीटचा आहे, त्यामुळे सांध्यांवरून जातानाची टपटपही सीटला जाणवते. म्हणून डांबरी रस्त्यावरही एकदा पाहा. दोन्हीकडे सारखीच थरथर असेल तर दोष गाडीत आहे. तुमची गाडी बोलेरोसारखी मागच्या चाकांवर चालणारी असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉसही तपासून घ्या. शाफ्ट चाकाच्या कितीतरी पट वेगानं फिरतो, म्हणून त्याचा दोष हादऱ्यांपेक्षा बारीक घरघरीसारखा जाणवतो.

टायर किती जुने आहेत, हेही पाहा. भिंतीवरच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. समृद्धीवर कारना १२० ची मुभा आहे, पण दोष सापडेपर्यंत तुम्ही ती वापरू नये, ही कळकळीची विनंती.

शंका : थरथर फक्त ब्रेक मारल्यावर येते. खड्ड्यामुळेच असेल का? (एक वाचक, सातारा)

समाधान : बहुधा नाही. ब्रेक डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसावी. अलीकडे चाक काढून पुन्हा बसवलं होतं का, ते आठवा. हवेच्या गननं नट कमी-जास्त आवळले तरी डिस्क तिरपी बसते. नट समोरासमोरच्या क्रमानं, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळून पाहा. फरक नसेल तर डिस्क मोजून घ्या.

शंका : अलॉय व्हीलला आतून बारीक चीर आहे. वेल्डिंग करून मिळतं, नव्याच्या एक चतुर्थांश खर्चात. करू का? (एक वाचक, कोल्हापूर)

समाधान : करू नका. अलॉय व्हीलची ताकद उष्णतेच्या नियंत्रित प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या आचेनं चिरेभोवतीचा धातू कमजोर होतो आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते. कडेचा लहानसा पोचा जाणकार कारागीर सरळ करू शकतो, पण चीर पडलेली रिम भंगारातच द्यावी. पैशांची अडचण असेल, तर त्याच मापाची साधी लोखंडी रिम लावा. ती दिसायला साधी असली तरी सुरक्षित असते.

शंका : खड्ड्यात टायर फुटला आणि रिम वाकली. विमा मिळेल का? (एक वाचक, पनवेल)

समाधान : नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरत नाहीत. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल, तर टायरच्या किमतीच्या जास्तीत जास्त ५० टक्के मिळतात. टायर-रिमसाठी वेगळं जादा संरक्षण घेतलं असेल, तर त्याच्या अटी वाचा. खड्ड्याचे, चाकाचे आणि खालच्या भागाचे फोटो जागेवरच काढा आणि दुरुस्तीच्या आधी कंपनीला कळवा. जुना टायर आणि रिम दुकानात सोडून येऊ नका. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत ते तुमच्याजवळच असू द्या.