इमारीचं नाव, आरिताचे हात



लोणच्याची जाड बरणी आणि चहाचा पांढराशुभ्र नाजूक कप, दोन्हींना आपण चिनीमातीचीच भांडी म्हणतो. पण तो कप मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून बघा. खऱ्या पोर्सेलिनचा, पातळ असेल तर त्यातून उजेड झिरपताना दिसेल. बरणीतून काहीच दिसणार नाही.

पोर्सेलिनची कला मूळची चीनची. तिथून ती कोरियात गेली. जपानमध्ये मात्र सतरावं शतक उजाडेपर्यंत पोर्सेलिन बनतच नव्हतं. मग जपानी पोर्सेलिन जगभर गाजलं कसं?

१५९२ ते १५९८ या काळात जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने कोरियावर दोनदा स्वारी केली. परतताना जपानी सरदारांनी अनेक कोरियन कुंभार सोबत आणले, बऱ्याच जणांना तर बळजबरीने. त्यांतलेच एक यी साम-प्योंग. परंपरा सांगते की १६१६ च्या सुमारास त्यांना क्यूशू बेटावर, आरिता गावाजवळ, पोर्सेलिनसाठी योग्य असा दगड सापडला. हो, दगडच! तो कुटून, पाण्यात धुऊन त्याची माती करतात.

पुढचं काम मोठ्या चिकाटीचं. भांडं घडवून वाळवायचं. त्यावर कोबाल्टने निळी नक्षी काढायची, काचेसारखा लेप द्यायचा आणि साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजायचं. लाल, हिरवे रंग त्यानंतर भरायचे आणि कमी आचेवर पुन्हा भाजायचं. प्रत्येक भाजणीत भांडं तडकण्याची भीती असतेच.

आरिताच्या काकिएमोन घराण्याने यात कमाल केली. दुधासारखा पांढरा रंग, त्यावर मोजकीच फुलं-पक्षी आणि बाकी जागा चक्क मोकळी! या भांड्यांची मोहिनी त्या मोकळ्या जागेत आहे. त्या दुधी पांढऱ्याला ‘निगोशिदे’ म्हणतात. मधल्या काळात त्याची कृती लोप पावली होती. घराण्याच्या बाराव्या आणि तेराव्या पिढीने खटपट करून १९५३ मध्ये ती पुन्हा जमवली.

सतराव्या शतकाच्या मध्यात चीनमध्ये राजवट बदलली, युद्धं झाली आणि तिथला माल मिळेनासा झाला. तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनी जपानकडे वळली. आरिताची भांडी जवळच्या इमारी बंदरातून निघायची, म्हणून युरोपात ती ‘इमारी’ म्हणूनच ओळखली गेली. पुढे १७१० मध्ये जर्मनीत माइसेनचा कारखाना सुरू झाला आणि तिथे काकिएमोनच्या नक्षीच्या हुबेहूब नकला होऊ लागल्या.

आता नीट विचार करा. नाव झालं बंदराचं. माल आरिताचा. आणि सुरुवात करून देणारे हात होते घरदार सुटलेल्या परदेशी कारागिरांचे. आरिताने मात्र हे ऋण मान्य केलं आहे. तिथल्या तोझान देवस्थानात यी साम-प्योंग यांना देवाचा मान आहे आणि जवळच्या टेकडीवर त्यांचं स्मारक उभं आहे. पण त्यांच्याबरोबर आलेल्या कित्येकांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत.

म्हणून मित्रांनो, एखादी सुंदर वस्तू हातात आली की तिच्यावरचं नाव वाचाच, पण एक प्रश्नही विचारा: ही घडवली कुणी?